भिऊन वाचलेलं पत्र

माझे मालक दुसऱ्या महायुद्धावर गेले तेव्हा मी बेळगुंदीतली नवी सून होते, तिसरीपर्यंत शिकलेली. त्यांच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. नवरा वारल्यावर त्या माहेरी परतल्या होत्या. लष्कराच्या कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत झाडलोट करता करता, मागच्या भिंतीला टेकून त्या वाचायला शिकल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगाही मामाच्याच पलटणीत होता.

त्या आठवड्यात शेजारच्या उचगावात एका शिपायाच्या घरी तो गेल्याची तार आली होती. तेव्हापासून पोस्टमन दिसला की मी धास्तावायची. अशातच एका दुपारी पोस्टमन खळ्यावर पत्र देऊन गेला. अक्षर मालकांचंच होतं. तरी उघडताच मधल्या ओळीतला एक शब्द डोळ्यांत घुसला : मरण. मी मटकन खाली बसले आणि गळा काढला.

आक्का भात पाखडत होत्या. सूप ठेवून आल्या, पण पत्र त्यांनी घेतलं नाही. आधी मला पाणी पाजलं. मग माझं बोट धरून त्या शब्दावर टेकवलं.

"काय लिवलंय?"

"मरण, आक्का."

"त्येच्या आदी काय हाय गं? नीट बघ."

"अर्धा स."

"मग वाच की."

'तुम्हा सर्वांचे रोज स्मरण होते,' असं होतं ते. रडता रडताच मला हसू फुटलं.

"भ्यालेल्या डोळ्यास्नी वंगाळच दिसतंय," आक्का म्हणाल्या. "माजं बी लई येळा झालंय तसं. आण, फुडचं मी वाचते."

मालक खुशाल होते. जेवणाचं, थंडीचं लिहिलं होतं. मग त्याच संथ आवाजात आक्कांनी वाचलं, 'भाच्याला विषमज्वर झाला आहे. इस्पितळात ठेवले आहे. आक्काला बेताने सांगावे.'

"आक्का!" मी ओरडले.

"थांब. ताप म्हटलंय, इस्पितळ म्हटलंय. त्येच्या पलीकडं काय न्हाय लिवलेलं."

ती ओळ त्यांनी बोट फिरवत पुन्हा वाचली. आणि आणखी एकदा वाचली. मग पत्र माझ्या हाती देऊन त्या पाखडायला बसल्या.

पुढं मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. काळीज धडधडत असताना लिहिलंय तेवढंच वाचणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

लढाई संपल्यावर मामा-भाचे बरोबरच घरी आले. आक्कांनी लेकाला आधी पोटभर वाढलं आणि मग त्याच्या पाठीवर हात ठेवून ढसाढसा रडल्या.