उशीच्या उंचीची घडवंची

हरिसाधन सूत्रधरने उभ्या आयुष्यात डुगडुगणारं काही घडवलं नाही. अडतीस वर्षं तो ट्रामच्या कारखान्यात सुतार होता. ट्राम दिवसभर हादरते, म्हणून तिच्या बाकाला खिळा चालत नाही, बोल्टच लागतो, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. हावड्याच्या त्याच्या गल्लीतले लोक त्याला हसायचे आणि खुर्ची मोडली की त्याच्याच दारात यायचे.

त्याची बायको बीणापाणी. तिला माशांचं वेड. ताटातल्या माशांचं होतंच, बरणीतल्यांचं त्याहून जास्त. एकदा दातांच्या डॉक्टरकडे तिने चार फुटी काचेची टाकी पाहिली आणि दाढ काढून झाली तरी बाई तासभर जागची उठेना.

"अहो, आपण घेऊ या ना अशी," ती सुजलेल्या गालाने म्हणाली.

"तीनशे किलोचा भार आहे तो, चेष्टा वाटली? खाली तशीच दणकट घडवंची हवी. रिटायर झालो की मीच करतो."

त्यावर अकरा वर्षं गेली. तो रिटायर झाला आणि चौथ्याच महिन्यात बीणापाणीची उजवी बाजू गेली. वाचाही गेली, दोन-तीन शब्द काय ते उरले. पलंगावर भिंतीकडे तोंड करून ती पडून असायची. कूस बदलली की तिला धाप लागायची. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठे हरिसाधनला टाकी आठवली. ती तिने डोळे भरून पाहावी, एवढंच आता त्याला हवं होतं.

टाकी त्याने त्याच आठवड्यात आणली. मग जमिनीपासून उशीपर्यंत आणि उशीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत माप घेतलं. घडवंची तेवीस इंच. कारखान्याच्या भंगारातलं जुनं सागवान काढून तो मागच्या व्हरांड्यात रंधा मारत बसला, तो बसलाच. एका पायाची खाच केसभर सैल निघाली म्हणून सबंध पाय फेकून दिला. दोन महिने उलटले.

शेजारची शेफाली बीणापाणीला बौदी, म्हणजे वहिनी म्हणायची आणि तिला भरवायला यायची. ती एक दिवस भडकलीच. "दादा, चार विटा रचा आणि ठेवा टाकी! बौदीला मासे बघायचेत, तुमची सुतारकी नाही."

"आणि विटा खचल्या तर? सगळं तिच्या अंगावर येईल."

"अहो, पलंगाशेजारी ट्राम उभी करताय का तुम्ही?"

त्या संध्याकाळी बीणापाणी एकच शब्द बोलली. "लवकर."

"झालंच आता," हरिसाधन म्हणाला.

त्यालाही आणखी तीन आठवडे लागले. गल्लीतले चार धिप्पाड गडी घडवंचीवर उभे करून त्याने तिची परीक्षा घेतली, पाणसळ लावली, मागच्या काचेला काळा कागद चिकटवला आणि पलंग व भिंतीच्या मधे, तिच्या तोंडासमोर ठेवून टाकी भरली. तरी मासे नाहीतच. नळाचं पाणी नऊ दिवस मुरायला हवं, म्हणाला. तोवर झाकण करायला पुन्हा तिच्या पाठीमागच्या व्हरांड्यात, वेताच्या स्टुलावर.

बीणापाणी त्या रिकाम्या पाण्याकडे दिवसभर टक लावून बघायची. ओठांचा चांगला कोपरा मधूनच वर उचलला जायचा.

"बौदी हसतेय बघा," शेफाली म्हणाली.

"रविवारी मासे येणार ना!" हरिसाधन बसल्या जागेवरून, मागे न वळता ओरडला.

शनिवारी सकाळी बीणापाणी गेली.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, बंगाली रीतीप्रमाणे, मासे खाऊन सुतक सोडायचं होतं. हरिसाधन बाजारातून एका पिशवीत कापलेला रोहू आणि दुसरीत सहा जिवंत गोल्डफिश घेऊन आला. रोहू शेफालीच्या हवाली केला आणि सहा जणांना टाकीत सोडलं. जेवायला आलेला एक मेहुणा वाकून बघत म्हणाला, "काम पक्कं आहे हो, पण इतकं बुटकं का?"

पाहुणे पांगल्यावर तो तिच्या जागेवर आडवा झाला, तिच्याच कुशीवर, उशीच्या खळग्यात गाल टेकून. उंची बरोबर होती. एक मासा डोळ्यांसमोरून गेला. त्याच्या पाठोपाठ काळ्या काचेत उजळ दार दिसलं, दारापलीकडचा व्हरांडा दिसला आणि वेताच्या स्टुलावर बसलेली एक पाठ दिसली. शेफाली विसावायला बसली होती.

"दादा, चहा टाकू?" तिने विचारलं, आणि काचेतली पाठ वळून शेफालीचा चेहरा झाला.

आठ दिवस तो त्याच स्टुलावर बसला होता. बीणापाणी माशांची वाट बघत नव्हती. ती त्याला बघत होती. आणि तो एकदाही वळला नव्हता. पलंगापासून स्टूल जेमतेम पाच पावलांवर होतं.

"शेफाली, ते स्टूल आत आण."

"कुठे ठेवू?"

"इथे. पलंगापाशी."

तिने आणून ठेवलं. रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हातारा ढसाढसा रडला. आधारासाठी त्याने घडवंचीची कड गच्च धरली होती. पलंग गदगदा हलत होता. घडवंची तसूभरही हलली नाही.