खांबेटे भातखाचरात

दिगंबर खांबेटे यांना कुणाची मदत चालत नसे. टेलिफोन खात्यात असताना खांबाला टेकवलेली शिडी कुणी धरली, की ते वरूनच ओरडायचे, "सोडा! तुम्ही धरल्यामुळेच हलतेय ती!" पुढे घरोघरी मोबाईल आले आणि खांबेट्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभात साहेबांनी खुर्ची पुढे केली, तर "मला उभं राहता येतं," म्हणाले आणि कार्यक्रम संपेपर्यंत उभेच राहिले.

त्यांची मुलगी ऋचा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुळेला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर तिच्या ऑफिसातल्या सायकलवाल्यांनी नदीकाठच्या एका गावी जायचं ठरवलं. तिथल्या शाळेच्या सतरंज्या भिजून कुजल्या होत्या. नव्या सतरंज्या टेम्पोतून पुढे जाणार होत्या आणि ही मंडळी मागून सायकलींवर.

"बाबा, तूही चल. आम्ही सावकाशच जातो."

"का? सायकली बिघडल्यात का?" खांबेटे म्हणाले, पण रविवारी सकाळी आपली काळी दणकट सायकल घेऊन हजर झाले.

गटाचा म्होरक्या अभिनव यवतमाळचा होता. त्याने आदराने हेल्मेट पुढे केलं. "काकाजी, घालून घ्या ना."

"आमच्या काळी डोकीच पक्की असायची," खांबेट्यांनी हेल्मेट परत केलं.

हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागे पडल्या आणि खोरं सुरू झालं. झाडांच्या फांद्यांत गवताचे पुंजके अडकले होते. एका करंजावर तर कुणाची तरी अख्खी गादी वाळत पडली होती.

गावाच्या अलीकडे रस्त्यावरची मोरी वाहून गेली होती आणि टेम्पो तिथेच अडकला होता. पलीकडे जायचं तर शेताच्या बांधावरून. पोरांनी आपल्या हलक्या सायकली खांद्यावर घेतल्या. अभिनव खांबेट्यांच्या सायकलीला हात लावणार, तोच ते कडाडले, "सोडा! मी चालवत नेतो."

त्यांनी टांग टाकली. पुराने भिजलेला बांध थोडा वेळ टिकला, मग निमूटपणे खचला. खांबेटे सायकलीसकट शेजारच्या भातखाचरात गेले आणि गुडघ्याएवढ्या चिखलात ताठ उभे राहिले.

पलीकडे एक म्हातारी वाकून रोपं लावत होती. मुक्ताई तिचं नाव. तिने मान वर करून बघितलं.

"तुमाला कुणी लावलं हितं?"

"मी येतो माझा मी बाहेर," खांबेटे म्हणाले.

"या की. मी कुठं धरलंय?"

खांबेट्यांनी उजवा पाय उपसला. पाय आला, चप्पल आत राहिली. डावा उपसायला गेले तर उजवा अजूनच खोल गेला. बांधावरून ऋचा, अभिनव, सगळ्यांनी हात पुढे केले.

"कुणीही हात लावायचा नाही!"

"नगा लावू," मुक्ताई म्हणाली. "पुरानं माझी निम्मी रोपं न्हेली. त्या जागी ह्ये बरं हायती. निस्तं पानी देत ऱ्हायचं."

खांबेट्यांनी पुन्हा डावा पाय उपसून पाहिला, तर दोन्ही पाय आणखी खोल गेले. शेवटी ते हळूच म्हणाले, "अहो बाई, जरा ओढता का?"

मुक्ताईने त्यांची दोन्ही मनगटं धरून हिसका दिला. खांबेटे सुटले, पण तोंडावर पडले आणि मुक्ताई मागे चिखलात बसली. खांबेट्यांचं नाक तेवढं ओळखू येत होतं. आधी तीच हसली. मग सगळेच.

बांधावर टेकल्यावर तिने सांगितलं, "पानी आलं तवा मी घर सोडत न्हवते. चौघांनी उचलून न्हेलं मला. लई शिव्या दिल्या त्यांना. पाठोपाठ भित्ताड पडलं बगा."

"मग काय केलंत?"

"काय करनार? त्यांनाच च्या करून दिला."

खांबेटे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आपणहून खाचरात उतरले. टेम्पोतल्या सतरंज्या डोक्यावरून शाळेत पोचवून आलेली पोरंही उतरली. खांबेट्यांची ओळ टेलिफोनच्या तारेसारखी सरळ होती, पण मुक्ताईने ती बघून कपाळाला हात लावला.

"अवो, रोपं लावा. पुरू नगा!"

त्यांनी पूर्ण ओळ उपटून पुन्हा लावली. संध्याकाळी कंबर इतकी धरली, की त्यांना दोघांनी उचलून टेम्पोत बसवलं. त्यांनी स्वतःच दोघांच्या खांद्यांवर हात टाकले होते. ऋचा मात्र तोंड फिरवून हसत होती.

नारायण पेठेतल्या घरी त्यांच्या बायकोने, नीरजाबाईंनी, साखळी न काढता दार उघडलं आणि चिखलाने माखलेल्या माणसाकडे बघितलं. "कोण हवंय आपल्याला?"

"मीच आहे. पाठीला जरा तेल लावून देतेस का?"

नीरजाबाईंनी साखळी काढली आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

पुढच्या रविवारी खांबेटे पुन्हा मुक्ताईच्या शेतावर गेले. कंबर अजून दुखत होती, म्हणून बसने.