केसांची सावली

फोटोबाई हे नाव तिला पेशंटांनीच दिलं होतं. लोक यायचे ते "छातीचा फोटो काढायचाय" म्हणत, मग काढणारी फोटोबाई. त्या लहानशा दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिची तीस वर्षं गेली होती.

पूर्वी त्या खोलीला लागून एक डार्करूम होती, कपाटापेक्षा जराशी मोठी. आत तांबडा दिवा, औषधाच्या टाक्या आणि नाकात बसणारा आंबूस वास. फिल्म औषधात बुडवली की सेकंद मोजायला ती मोठ्याने आकडे म्हणायची. तिची मुलगी शाळा सुटल्यावर दाराबाहेर स्टुलावर बसून तिच्याबरोबर म्हणायची. शंभरापर्यंतचे आकडे पोरगी शाळेत नाही, त्या स्टुलावरच शिकली. मध्येच अडली की बाहेरून हाक यायची, "आई, एकोणसत्तरच्या पुढे काय गं?" आणि फोटोबाईचाही हिशेब चुकायचा.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना फिल्म वाळेपर्यंत दम नसे. ओलीच फिल्म खिडकीशी धरायचे, पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. "बाई, इकडे या. तुम्हाला काय वाटतं?" असं ते विचारायचे, आणि विचारून ऐकायचेसुद्धा. जरा शंका आली तर म्हणायचे, "आणखी एक काढू या. शंका घेऊन घरी गेलं की मला जेवण जात नाही."

मोठे डॉक्टर गेले. फिल्मही गेली. डार्करूममध्ये आता झाडू आणि बादल्या असतात. गेल्या वर्षी कॉम्प्युटरमध्ये फोटो वाचणारं एआय आलं. अर्ध्या मिनिटात ते संशयाच्या जागी लाल गोल काढतं, शेजारी टक्के लिहितं. संध्याकाळी दुसऱ्या गावचे डॉक्टर तिकडूनच ते तपासतात आणि सही करतात.

"बाई, सवत आली तुम्हाला," सिस्टर म्हणाली होती.

"सवत कसली, सून आहे. आल्या दिवसापासून घर आपलंच समजते."

पण सून हुशार होती, हे तिला कबूल करावं लागलं. एकाच गोष्टीत ती फसायची. बाईमाणसाची वेणी खांद्यावरून पुढे राहिली, तर तिची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, अगदी क्षयाच्या डागासारखी. म्हणून "केस वर बांधा" हे फोटोबाईचं पहिलं वाक्य असायचं. तरी एखादीची वेणी सुटायची आणि एआय गोल काढायचं. मग फोटोबाई खाली "केसांची सावली" असा शेरा लिहायची. तिचा शेरा डॉक्टरांनी कधी खोडला नाही.

मुलीला दूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहाला तब्येतीचा दाखला हवा होता, त्यात छातीचा फोटो. तीन आठवडे ती खोकत होती. "हवेने होतंय," असं दोघी एकमेकींना सांगत होत्या.

"सरळ उभी राहा. हनुवटी वर. श्वास घे... धर."

"आई, मी पेशंट नाहीये."

"इथे उभं राहणारा प्रत्येक जण हेच म्हणतो."

पडद्यावर फोटो आला. उजवीकडे वरच्या टोकाला लाल गोल. अठ्ठ्याहत्तर टक्के.

फोटोबाईने आकडा पुन्हा वाचला. मग तिने वळून पाहिलं. मुलीची वेणी उजव्या खांद्यावरून पुढे लोंबत होती. जगातल्या बायकांना तीस वर्षं केस बांधायला लावले आणि पोटच्या पोरीला सांगायची विसरली! "वेणीचं आहे गं!" म्हणत ती इतकी हसली की सिस्टर दारात डोकावली.

शेरा लिहायला तिने बोटं पुढे केली. लिहिलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. सोमवारी पोरगी गाडीत बसली असती. कुणी विचारणारं नव्हतं.

तेवढ्यात मुलगी खोकली. कोरडं, लहानसं.

फोटोबाईने बोटं मागे घेतली. "केस वर बांध. आणखी एक काढू या."

"आत्ता तर म्हणालीस ना, वेणीचं आहे?"

"म्हणाले. बांध."

दुसऱ्या फोटोत गोल लहान झाला होता. पण होता. एक्केचाळीस टक्के. त्याच्या आत नखाएवढा पुसट ढग. तिने खुर्ची ओढली, डोळे बारीक केले, खूप वेळ बघितलं. शेजारी उभं राहून "तुम्हाला काय वाटतं?" विचारणारं कुणी नव्हतं. तिला जे वाटत होतं ते तिला वाटायला नको होतं. तिने दोन्ही फोटो पाठवले आणि शेऱ्यात लिहिलं, "पहिल्यात केसांची सावली. दुसऱ्यात केस नाहीत."

थुंकीची तपासणी झाली. चौथ्या दिवशी कळलं, क्षयच. अगदी सुरुवातीचा. सहा महिने गोळ्या, पहिले काही आठवडे घरात वेगळी खोली. कॉलेज पुढच्या वर्षी.

मुलीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी फोटोबाई मास्क लावून गोळ्या आणि पाणी घेऊन खोलीत गेली.

"तू गप्प बसली असतीस तर मी आज तिकडे असते," मुलगी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"असतीस. आणि तुझ्या खोलीतल्या मुलींनाही प्रसाद वाटला असतास."

मुलीचा खांदा हलला. हसली की रडली, ते पाठीवरून कळेना. मग ती उठून बसली. "एवढ्या मोठ्या गोळ्या? घोड्याच्या आहेत का?"

"घोडीच्या. घे."

मुलीने पहिली गोळी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि पाण्याचा मोठा घोट घेतला. फोटोबाई तिच्या गळ्याकडे बघत राहिली. गोळी खाली गेली, तेव्हा तिने दुसरी पुढे केली.