झुलाल टेलरने टेपेत सोडलेली माया

दोंडाईच्यात स्टेशनकडून मिरची बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला झुलाल टेलरचं दुकान लागे. मिरचीच्या दिवसांत त्या रस्त्याने येणारा माणूस शिंकत येई आणि शिंकत जाई. छातीचं माप घ्यायच्या आधी झुलाल गिऱ्हाइकाला सांगे, एकदा नीट शिंकून घ्या. ऐन मापात शिंक आली तर शर्ट ढगळ होतो, असा त्याचा अनुभव होता. गावाला या शिंकांचं काहीच वाटत नसे. कावळा ओरडला तर निदान कोण पाहुणा येणार म्हणून लोक वर बघत. शिंकेसाठी कुणी मान वळवत नसे.

झुलालचा हात शिलाईत चांगला होता, पण तो माया फार सोडी. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला की ते उसवायचं आणि कपडा सैल करायचा. बाकीचे शिंपी बोटभर माया सोडत, झुलाल पंजाभर. बाजारातल्या भिकन हमालाने लग्नाला शिवलेली पँट पोट सुटल्यावर उसवली, आणखी सुटल्यावर आणखी उसवली, आणि तरी आत कापड शिल्लकच होतं. भिकन म्हणे, ही पँट भरायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल.

असा हा झुलाल गिटारकडे वळला तो एका मास्तरांमुळे. त्यांची बदली झाली होती आणि सामानाचा ट्रक दाराशी उभा होता. त्यांच्या बायकोने सांगितलं, ट्रकमध्ये एक तर गिटार चढेल नाहीतर मी. मास्तरांनी बराच वेळ विचार केला म्हणतात. शेवटी कोटाची शिलाई मागायला आलेल्या झुलालच्या हातात गिटार देऊन ते निघून गेले. झुलालने रेडिओसमोर बसून आपलं आपणच वाजवायला घेतलं. सूर त्याला सापडत, ताल मात्र हाताला लागत नसे. गाण्याच्या मधेच तो असा थांबे, की जणू कुणाच्या शर्टाचं काज करायचं राहिलंय ते त्याला आठवलंय.

ताल होता वनाकडे. वना हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, ढोलकी वाजवणारा. झुलाल कुठेही थांबला तरी वना त्याला धरून पुन्हा रस्त्यावर आणी. दोघं मिळून हळदीला वाजवत, बारशाला वाजवत, आणि जेवून घरी येत. पण वनाला दीपनगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळशाचं काम लागलं. भुसावळच्याही पलीकडे, म्हणजे हळदीपुरतं येऊन जाण्याचा विषयच नव्हता.

वना गेल्यावर झुलालने पायात घुंगरू बांधून पाहिले. पाय हातापेक्षाही बेताल निघाला. मग त्याने बायकोला, कमलबाईला, थाळी वाजवायला बसवलं. ती वाजवायची छान, पण ओळखीचं माणूस दिसलं की थाळी खाली ठेवून चौकशी करायला जायची, आणि खानदेशात लग्नाच्या मांडवात ओळखीचं माणूस दिसत नाही असं कधी होत नाही.

तेव्हा झुलाल धुळ्याला रुपचंदकडे गेला. रुपचंद टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. सगळी कहाणी ऐकून त्याने एक कॅसेट उघडली आणि आतल्या लांबच लांब पट्टीचा एक तुकडा कापून त्याची दोन्ही टोकं जोडली. ते कडं आत बसवून त्याने टेप चालू केली. तेवढाच आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला, घाण्याच्या बैलासारखा गोल गोल. वनाची ढोलकी भरून घे, म्हणाला, आणि ताल जिथे पुरा होतो तिथेच बरोबर काप. इकडे नाही, तिकडे नाही.

राहिला प्रश्न चालू-बंद करण्याचा, कारण झुलालचे दोन्ही हात गिटारवर असणार. त्याच्या शिलाई मशीनला नवी मोटार लागली होती आणि तिचं पायडल होतं. रुपचंदने ते पायडल टेपरेकॉर्डरला जोडून दिलं. पाय दाबला की वना वाजणार, उचलला की वना गप्प. फक्त एक बजावलं, की पाय पुरता दाबायचा. अर्धवट दाबला तर टेप रेंगाळणार आणि आवाज जाडा होणार.

वना सुटीवर आला तेव्हा त्याच्याच अंगणात ढोलकी भरायची ठरली. शेजारच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि वारा नेमका तिकडून होता. वना ढोलकीवर थाप मारी आणि शिंके, परत थाप मारी आणि परत शिंके. दुपार कलली तेव्हा कुठे एक आवर्तन स्वच्छ निघालं. ते संपता संपता वनाला पुन्हा शिंक आली, पण ताल भरून झाला होता. झुलालने समाधानाने टेप बंद केली. वना दुसऱ्या दिवशी दीपनगरला गेला.

पट्टी कापायला झुलाल दुकानात बसला. पेन्सिलीने कॅसेट मागेपुढे फिरवून ताल कुठे संपतो ती जागा त्याने शोधली आणि खडूने खूण केली. रुपचंदचे शब्द त्याला पाठ होते. पण हातात कात्री होती, आणि कात्री हातात आली की झुलालचा हात झुलालचं ऐकत नसे. इतक्या वर्षांची सवय. खुणेच्या पुढे जराशी माया सोडून त्याने पट्टी कापली, टोकं चिकटपट्टीने जोडली आणि कॅसेट बंद केली.

त्याने ती घरी लावून बघितली. कमलबाईने भाकरी थापता थापता ऐकली आणि वना अगदी घरात बसल्यासारखा वाटतो म्हणाली. दुकानात भिकनने ऐकली, शेजारच्या पानवाल्याने ऐकली. कुणालाच काही खटकलं नाही.

नव्या सोयीसह पहिलं वाजवणं होतं साक्रीच्या पलीकडच्या एका गावात. तोताराम आबांच्या मुलीचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. डोंगराकडचं गाव, हवा अशी निर्मळ की मांडवाच्या त्या टोकाला कुणी पान थुंकलं तरी या टोकाला कळावं. वरात येऊन टेकली होती. आबांनी झुलालला खूण केली. माइक टेपरेकॉर्डरसमोर होता, भोंगा झाडावर होता. झुलालने पाय दाबला.

वनाची ढोलकी मांडवभर घुमली. आवर्तन पुरं झालं आणि भोंग्यातून स्पष्ट आवाज आला, "आऽऽक". लगेच ढोलकी पुन्हा सुरू.

लोकांनी इकडेतिकडे बघितलं. कुणाला तरी शिंक येऊन अडकली असं त्यांना वाटलं. आवर्तन फिरून आलं आणि पुन्हा "आऽऽक". झुलालला अजूनही काही कळलं नव्हतं. मायेत वनाची अर्धी शिंक आली होती, आणि दोंडाईच्याच्या कानांना ती ऐकूच गेली नव्हती. मांडवातले लोक मात्र अस्वस्थ झाले. येणारी शिंक येत नाही म्हटल्यावर माणसाचं कशातच लक्ष लागत नाही, आणि ही तर दुसऱ्याची शिंक, तीही भोंग्यावरची. एकेक जण नाक चोळू लागला. वाढपी पाण्याचा जग हातात घेऊन तसाच उभा राहिला. शेवटी नवरदेवाच्या आजीला, भिकुबाईला, ते सोसवेना. पुढचं "आऽऽक" आलं तशी ती वैतागून म्हणाली, "छी. हुई गयी बापा एकदानी."

सगळ्या मांडवाला एकदम मोकळं वाटलं. पुढच्या खेपेला बायकांनी मिळून "छी" केलं, त्याच्या पुढच्या खेपेला पुरुषांनीही. नवरदेवाचे मित्र नाचायला उठले. ते ढोलकीवर नाचत, "आऽऽक"ला जागच्या जागी थिजत आणि "छी"ला उडी मारत. आपली टवाळी चालली आहे असं वाटून झुलाल घाबरला आणि त्याचा पाय पायडलवर अर्धाच राहिला. टेप रेंगाळली. भोंग्यातून म्हैस कण्हल्यासारखं "आऽऽऽऽऽक" निघालं. त्यावर मांडवानेही तितकंच लांब "छीऽऽऽऽऽ" केलं आणि नाचणारे हळूहळू, हवेत तरंगत असल्यासारखे, खाली आले.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा, जीवराम, उभे राहिले. शुभकार्यात शिंक म्हणजे अपशकुन, आणि इथे तर शिंकांचा पाऊस पडतोय, तेव्हा मुहूर्त बदला, असं त्यांचं म्हणणं पडलं. झुलालने पाय उचलला. तोताराम आबांचा चेहरा उतरला. सगळे भटजींकडे बघू लागले. आतून वरण-बट्टीचा वास येत होता आणि भटजी सकाळपासून उपाशी होते.

भटजींनी डोळे मिटून थोडा विचार केला. "अपशकुन पूर्ण शिंकेचा असतो," ते म्हणाले. "ही तर पूर्णच होत नाहीये."

लोक तिला पूर्ण करताहेत ना, असं जीवराम म्हणाले. त्यावर भटजींनी समजावलं, की नाकातून येते ती शिंक, तोंडाने म्हटलेली छी म्हणजे नुसता शब्द, आणि शब्दाला दोष नाही. जीवराम पुन्हा खाली बसले. लग्न वेळेवर लागलं.

त्या दिवसापासून झुलाल शिंकवाला गिटार झाला. साक्री, शिरपूर, धुळे, कुठून कुठून लोक त्याला शोधत दुकानावर येत. एक-दोघांनी तर आधीच खात्री करून घेतली, की शिंक आहे ना, गिटार नसली तरी चालेल. झुलालला हे लागलं, पण गिटार ऐकवायची तर शिंकेवाचून इलाज नव्हता. कॅसेटला पुन्हा कात्री लावायचं त्याने मनातसुद्धा आणलं नाही.

ही कीर्ती दीपनगरला पोचली. कॉलनीतल्या साक्रीकडच्या एका माणसाने वनाला सगळं रंगवून सांगितलं, हा आवाज ज्याचा तो आपल्यासमोर बसलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. वनाने रजा काढली आणि झुलाल धुळ्याच्या ज्या लग्नात वाजवत होता तिथे थेट जाऊन उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं. गाणं संपल्यावर तो झुलालजवळ आला.

"ढोलकी कुटी कुटी मना हात सुजी ग्यात," तो म्हणाला, "नी लोके मनं नाक ऐकी राह्यनात."

झुलाल खाली बघत म्हणाला, "अर्धी शिंक तुनी शे, अर्धी लोकेसनी. मनी ते कायच नही."

वनाला ते पटलं नाही. तो घरून ढोलकी घेऊनच आला होता. टेप बंद कर, म्हणाला, आज खरा वना वाजेल. आणि तो वाजवतही खरंच छान होता, त्या कॅसेटपेक्षा किती तरी सरस. पण आवर्तन संपलं की सगळा मांडव श्वास रोखून त्याच्या नाकाकडे बघे. काहीच आलं नाही की लोक हिरमुसत. वनाने एकदा तोंडाने "आक" करून पाहिलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, हे नकली आहे.

कमलबाईला त्याची दया आली. ती आचाऱ्याकडे गेली, चिमूटभर तिखट घेऊन आली आणि वनाच्या नाकाशी धरलं. वना शिंकला. ती शिंक इतकी दणदणीत आणि इतकी पुरी होती, की ढोलकी मांडीवरून घरंगळून स्टेजच्या खाली गेली आणि पुढे बसलेल्या वरमाईच्या पायाशी थांबली. मांडवातून "छी" काही आलं नाही. लोकांना म्हणायला काही उरलंच नव्हतं. घास तोंडाशी न्यावा आणि दुसऱ्यानेच तो खाऊन टाकावा, तसे सगळे बसून राहिले.

झुलालने घाईघाईने पाय दाबला. ढोलकी सुरू झाली, फिरली, "आऽऽक" आलं आणि सगळ्या मांडवाने सुटकेचं "छी" केलं. त्यात वनाही होता. त्याच्या तोंडून ते गेलं तेव्हा त्याचं त्यालाच कळलं नाही. मग तो हसायला लागला. हसता हसता स्टेजवरच बसला, आणि त्याला बघून झुलालही गिटार बाजूला ठेवून हसू लागला. जेवताना वनाने वाढप्याला सांगून टाकलं, की ती शिंक माझी आहे, तेव्हा वांग्याची भाजी इकडे जरा सढळ हाताने येऊ द्या.

पुढे दोन हंगाम हे चाललं. वना रजा मिळेल तेव्हा येई आणि पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या शिंकेला छी म्हणे. फिरून फिरून पट्टी झिजत गेली. शिंक आधी घोगरी झाली, मग पडसं झाल्यासारखी, मग नुसती फुसफुस उरली, आणि शिरपूरच्या एका हळदीत पट्टी तुटून टेपरेकॉर्डरच्या पोटात गुंडाळून बसली. रुपचंदने चिमट्याने ती तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढली. आता हिचं काही होणार नाही, म्हणाला.

त्याच सुमारास दीपनगरचा ठेका संपला आणि वना कायमचा गावी आला. झुलालने नवी कॅसेट आणली होती. वनाने ती हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. आपण आपलं वाजवू, म्हणाला.

त्यानंतरचं त्यांचं पहिलं वाजवणं गल्लीतल्याच एका बारशाला झालं. ऐकायला फार लोक नव्हते, आणि होते तेही निम्मे घुगऱ्या घ्यायला उठले होते. झुलाल गाण्याच्या मधेच दोनदा थांबला. दोन्ही वेळा वनाने त्याला हळूच धरून पुढे नेलं. शेवटी टाळ्या वाजवल्या एकट्या कमलबाईने, पण तिने त्या बराच वेळ वाजवल्या.