सुमंगलाबायच्या चिठ्ठ्या

१२ ऑगस्ट २०२३ रोजी आमच्या वाचनालयाच्या खात्यातून १,१४० रुपये टेम्पोभाड्यापोटी गेले. हरमलहून आमचे गाव चौदा किलोमीटरवर. एवढ्या पैशात टेम्पो सावंतवाडीला जाऊन परत आला असता. पण आमचे अध्यक्ष कृष्णनाथबाब घाईत होते, आणि गिऱ्हाईक घाईत आहे हे टेम्पोवाल्याला लांबून कळते.

घाईचे कारण असे. म्हापशाच्या एका व्यापाऱ्याचा ट्रस्ट आमच्या वाचनालयाला वर्षाला साठ हजार रुपये देतो. त्या वर्षी ट्रस्टने अट घातली की संस्थेकडे किमान एक हजार पुस्तके हवीत. आमच्याकडे होती ७३१. त्यातच हरमलला खोल्या आणि स्कूटर भाड्याने देणाऱ्या गौरेशचा फोन आला. दर हिवाळ्यात त्याच्याकडे येऊन राहणारी एक म्हातारी विलायती बाई आता येणार नव्हती. तिची पुस्तके हवी असतील तर न्या, नाहीतर भंगारवाल्याला देतो, असे तो म्हणाला. "किती आसत?" एवढेच कृष्णनाथबाबांनी विचारले. तीनशे बारा, म्हणजे एकूण १,०४३. कसली पुस्तके, हे विचारायची गरज त्यांना वाटली नाही. मलाही नाही.

कमिटीत आम्ही सात जण. मी खजिनदार. सात जणांनी मिळून त्या वर्षात वाचनालयातून एकच पुस्तक घरी नेले होते, ते पंचांग. तेव्हा खोके न उघडताच त्यांना हार घालण्यात आला, फोटो निघाला आणि तो गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेला. 'ज्ञानाचा खजिना गावात' असे त्याखाली कृष्णनाथबाबांनी लिहिले.

खोके उघडले ते सुमंगलाने. बावीस वर्षे ती आमची ग्रंथपाल आहे. माहेर डिचोलीचे, शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत, इंग्रजीत अडतीस मार्क. हे मार्क ती स्वतःच सांगते, मागच्या महिन्यात मिळाल्यासारखे. नवरा डिचोलीच्या खाणीवर मेकॅनिक होता. खाणी बंद पडल्यापासून तो घरी बसून इतरांच्या गाड्यांतले दोष सांगतो. बावीस वर्षे सुमंगलाने सकाळी वाचनालय उघडले, वर्तमानपत्रे मेजावर मांडली, ती वाचायला येणाऱ्या चार म्हाताऱ्यांना पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडू दिले आणि दुपारी कुलूप लावले. पुस्तक मागायला कोणी येत नसे.

खोक्यांत निघाले ते असे: १४० ख्रिस्ती कादंबऱ्या, ८४ उपदेशाची पुस्तके, ७१ लहान मुलांची चित्रांची पुस्तके, उरलेली सतरा स्वयंपाक आणि योगासनांची. सगळी इंग्रजी. मी म्हणालो, "बाय, आठवड्यात नोंद पुरी कर. आत काय आहे ते बघत बसू नको."

तिने आठवड्यात नोंद पुरी केली आणि आत काय आहे ते बघत बसली.

सुरुवात चित्रांच्या पुस्तकांनी केली, कारण त्यात एका पानावर एक ओळ असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेला चष्मा, ओळीखाली बोट, शेजारी तिच्या मुलीचा, श्रद्धाचा, जुना शब्दकोश. दोन महिन्यांत ती कादंबऱ्यांवर आली. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर ती मराठीत एक चिठ्ठी डकवू लागली.

"हे कित्याक?" मी विचारले. "रजिस्टरात नाव आहे, नंबर आहे, किंमत आहे."

"नंबर तुमच्या ऑडिटाक, मधुकरबाब. चिठ्ठी वाचणाराक."

मी त्यांतल्या दोन कादंबऱ्या वाचून पाहिल्या, म्हणून अधिकाराने सांगतो. थंड मुलखातले एक गाव असते. गावात एक विधवा असते आणि तिला कधीही राग येत नाही. मग एक दांडगा, अबोल माणूस येतो, त्याच्या मनात जुने दुःख असते. घोडा आजारी पडतो. सगळे मिळून प्रार्थना करतात. घोडा बरा होतो, पाठोपाठ तो माणूसही बरा होतो आणि लग्न लागते. दुसऱ्या पुस्तकात घोड्याच्या जागी गाय होती. उपदेशाच्या पुस्तकांत सकाळी किती वाजता उठावे, पैसा कसा वापरावा, शेजाऱ्याचा हेवा कसा करू नये अशी प्रकरणे असतात. आमच्याकडच्या बुवांच्या पुस्तकांतही हेच असते, फक्त छपाई वाईट. गावचा ख्रिस्ती पोदेर सकाळी वाचनालयात पाव टाकायला येतो. त्याने एक पुस्तक उलटून पाहिले आणि परत ठेवले. "हीं आमचीं न्हय," तो म्हणाला. "इतली प्रार्थना आमच्यांत पाद्रीय करिना."

असल्या पुस्तकांवर सुमंगलाने लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र पुस्तकांपेक्षा बऱ्या होत्या. 'विधवा बाई, बर्फाचे गाव. सुतार येतो, बोलत नाही. पान २१० वर बोलतो. जेवणाची वर्णने चांगली.' 'नवऱ्याला क्षमा कशी करावी, याचे पुस्तक. नवऱ्याने काय करावे याचे वेगळे पुस्तक असणार, खोक्यात सापडले नाही.' 'धाकटा मुलगा बापाचे पैसे उडवून परत येतो, बाप मेजवानी देतो. मोठ्या भावाचे म्हणणे मला पटले.' चित्रांच्या पुस्तकांत तर तिने प्रत्येक इंग्रजी ओळीखाली मराठी ओळीची पट्टी चिकटवली.

लोक येऊ लागले ते या चिठ्ठ्यांमुळे. आधी मनीषा आली. ती मोरजीच्या एका हॉटेलात काउंटरवर बसते, तिला इंग्रजी सुधारायचे होते. तिने चिठ्ठ्या वाचून एक कादंबरी निवडली आणि पुढच्या आठवड्यात हॉटेलातल्या आणखी दोघींना घेऊन आली. मग शनिवारी दुपारी मुले येऊ लागली. सुमंगला चटईवर बसून चित्रे दाखवत मराठीत वाचायची. गावातली मुले, सिंधुदुर्गातून कामाला आलेल्यांची मुले, मिळून पंचवीस-तीस. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पुस्तकासाठी दारात चपला दिसल्या. तिला तेवढेच हवे होते.

दसऱ्याला सरस्वतीपूजन झाले. मांडणीत सर्वांत वर सुबक, रंगीत पुस्तक हवे म्हणून कृष्णनाथबाबांनी स्वतः निवडून एक ठेवले. मुखपृष्ठावर पुरात तरंगणारे जहाज, जहाजातून माना काढलेले जिराफ. त्यावर त्यांनी हळद-कुंकू वाहिले आणि नारळ फोडला.

फेब्रुवारीत प्रवीणला ज्ञान झाले. प्रवीण आमचा कमिटी मेंबर, जमिनींची दलाली करतो. त्याची सात वर्षांची मुलगी गौरवी एका रात्री जेवायला बसली आणि हात जोडून, डोळे मिटून म्हणाली की अन्नाबद्दल देवाचे आभार. शनिवारच्या एका चित्रांच्या पुस्तकातले अस्वल तसे म्हणते. प्रवीणच्या आईला बरे वाटले. नातीने जेवणाआधी हात जोडलेले तिने प्रथमच पाहिले होते, कारण घरातला श्लोक प्रवीणने गौरवीला शिकवला नव्हता. त्याला स्वतःला येत नाही. पण अस्वल कुठल्या धर्माचे, हे त्याने रात्रीतच शोधून काढले.

३ मार्चला रविवारी कमिटी बसली. सुमंगलाला बोलावले होते. प्रवीणने मेजावर पुस्तकांचा ढीग ठेवला.

"हा धर्मप्रचार आसा," तो म्हणाला. "गावच्या भुरग्यांक बाटवूक हाडलेलीं पुस्तकां."

"तू वाचलीस?" सुमंगलाने विचारले.

"माका वाचूची गरज ना."

"मग तुका कसा कळला?"

आता पुरावा हवा. इंग्रजी कादंबरी वाचायची तयारी कोणाची नव्हती, म्हणून चिठ्ठ्या वाचायचे ठरले. प्रवीणनेच मोठ्याने वाचायला घेतल्या. "'राग आवरायचे दहा उपाय. मी चौथ्यावर दमले.'" त्याने दुसरे पुस्तक उघडले. "'देव परीक्षेत पास करतो असे लिहिले आहे. आमच्या श्रद्धाला अभ्यास करावा लागला.'" तिसरे उघडले. "'हिच्या जागी मी असते तर दोनशे पाने प्रार्थना केली नसती, सरळ त्याला विचारले असते.'"

गोकुळदास हा आमचा सर्वांत ज्येष्ठ मेंबर, एरवी सभेत झोपतो. तो म्हणाला, "मग विचारलां काय तिणें?"

"शेवटच्या पानार," सुमंगला म्हणाली.

"ता पुस्तक माझ्याखातीर बाजूक काडून दवर. सुनेक दितां."

प्रवीणने आणखी अकरा वाचल्या आणि थांबला. बाटवाबाटवीचे वाक्य एकही सापडले नाही. सुमंगला म्हणाली, "कृष्णनाथबाब, बायबलातल्या त्या जहाजाच्या पुस्तकाक तुम्हीच कुंकू लायलात. डाग अजून आसा."

अध्यक्ष तांबडे झाले. पण ग्रुपवर प्रवीणने आधीच लिहून टाकले होते, काहीतरी करून दाखवणे भाग होते. पुस्तके काढून टाकली तर ७३१ उरतात आणि साठ हजार जातात. ठेवली तर प्रवीण गप्प बसत नाही. मग असा ठराव झाला की तीनशे बारा पुस्तके रजिस्टरात ठेवावी, कपाटात ठेवावी, कपाटाला कुलूप लावावे आणि चावी अध्यक्षांकडे राहावी. म्हणजे मोजायला आहेत, वाचायला नाहीत. योगासनेही बाटली असावीत, कारण ती सतरा पुस्तकेही कुलपात गेली. ठराव एकमताने मंजूर झाला. माझा हातही वर होता.

पुढच्या शनिवारी मुले आली आणि कुलूप बघून गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी निम्मी आली. तिसऱ्या शनिवारी कोणी आले नाही. मनीषाने तिच्याकडची कादंबरी आणून दिली. ती सुमंगलाने मेजावरच ठेवली, कारण कपाट उघडायला चावी नव्हती.

ट्रस्टचा वार्षिक फॉर्म ३१ मार्चच्या आत जायचा असतो. मी तो भरून सुमंगलापुढे ठेवला. तिने खालचे वाक्य ओळीखाली बोट धरून वाचले. 'संस्थेची सर्व पुस्तके वाचकांना उपलब्ध आहेत.' त्याखाली ग्रंथपालाची सही.

"हां खोटां आसा, मधुकरबाब."

"बाय, दरवर्षी आपण हेच लिहितो."

"दरवर्षी कुलूप नव्हतां."

तिने सही केली नाही. हे कळल्यावर कृष्णनाथबाब वाचनालयात आले आणि शिपायाला बोलावे तसे बोलले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ तारखेला, सुमंगला कामावर आली नाही. वाचनालयाच्या दारावर तिने कागद लावला होता: 'पुस्तके कुलपात आहेत. राखण कुलूप करील.' गावात शिगमो चालू होता. ढोल वाजत होते आणि मिरवणुकीतली माणसे जाता-येता तो कागद वाचत होती. अध्यक्षांना चौकाचौकात लोक विचारू लागले, "बाब, कुलपाक पगार किती दितात?"

प्रवीण म्हणाला, मी करतो सही. ट्रस्टकडे बावीस वर्षांची नमुना सही एकाच माणसाची आहे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, मग तशीच करतो. हा माणूस गावाचा धर्म वाचवायला निघाला होता.

२८ तारखेला संध्याकाळी मी आणि कृष्णनाथबाब तिच्या घरी गेलो. अंगणात ती काजूच्या बिया वाळत घालत होती. नवरा ओट्यावर होता. आम्हाला बघून तो म्हणाला, "तुमच्या स्कूटरची चेन सैल आसा." मग आत निघून गेला.

"किती ताणशील, सुमंगला?" कृष्णनाथबाब म्हणाले. "साठ हजारांचा प्रश्न आहे. तुझा पगारही त्यातूनच निघतो."

"जाणां मी."

"मग?"

"चावी."

"ठराव झालाय. कमिटीचा मान म्हणून काही आहे की नाही?"

"बाब, एक पुस्तक सांगा. तीनशे बारातलां एक. नाव सांगा, आत काय आसा ता सांगा. मी आत्ताच सही करतां आणि चावी तुमच्याकडेच रवांदी."

कृष्णनाथबाब म्हणाले, "त्या जहाजात जिराफ होते."

"ता मुखपृष्ठ."

त्यांनी खिशातून चावी काढली आणि ओट्यावर ठेवली. सुमंगलाने हात पुसले, फॉर्म घेतला, तारीख घातली आणि सही केली. मी दुसऱ्या दिवशी तो म्हापशाला पोचवला. कमिटीच्या वहीत 'पुस्तके तूर्त खुली ठेवण्यात येत आहेत' असा ठराव लिहिला गेला. 'तूर्त' हा शब्द अध्यक्षांचा. तो लिहिल्याने त्यांना झोप लागली असेल तर माझी हरकत नाही.

शनिवारी कपाट उघडले. पहिल्या दिवशी नऊ मुले आली, महिन्याभरात पूर्वीएवढी झाली. गौरवी आजीचा हात धरून येते. आजी चटईच्या कडेला बसून ऐकते आणि मध्येच विचारते, पुढे काय झाले. प्रवीण त्या रस्त्याने जात नाही. अध्यक्ष ट्रस्टच्या चेकबरोबर फोटो काढायला आले तेव्हा त्याच कपाटापुढे उभे राहिले. सुमंगलाच्या चिठ्ठ्या एकशे बाराव्या कादंबरीपर्यंत पोचल्या आहेत. शेवटची मी पाहिली ती अशी: 'पुन्हा सुतार.'

२६, २७ आणि २८ मार्च या तीन दिवसांचा तिचा पगार गैरहजेरी म्हणून कापला होता. तो परत द्यायचा विषय चार सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला आणि चारही वेळा वेळेअभावी पुढे गेला. संस्थेकडून तिला ४५० रुपये येणे आहेत.