कोणाचा हात न लागता आकाशपाळण्यात

माझी कंबर कशी गेली, हे मी गावागावात वेगवेगळं सांगतो. किन्हीराजाच्या सोयऱ्यांमध्ये मी रानडुकराशी झुंजलो. मालेगावात मी चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारून एका वासराचा जीव वाचवला. ते वासरू आता चांगलं जवान गोऱ्हं झालंय आणि तिकडचे लोक अजून त्याची खुशाली विचारतात. मीही सांगतो, बरं आहे म्हणून. खरी गोष्ट एवढीच, की शेळीसाठी कडुनिंबाचा पाला तोडताना फांदी मोडली आणि फांदीसकट मी खाली आलो. शेळीने पाला खाल्ला. माझे पाय तेव्हापासून माझं ऐकत नाहीत. सहा वर्षं झाली.

या सहा वर्षांत मी एक पाऊल चाललो नाही, पण फिरलो मात्र जिल्हाभर. फिरवणारा माझा धाकटा भाऊ. चिखलात रुतलेली गाडी दोन बैलांना निघेना, तर बैल सोडून याला जुंपावं, असा गडी. "दादा, चाल," म्हणतो आणि मी हो म्हणायच्या आत मी हवेत असतो. लग्नाच्या पंगतीला, मतदानाला, केनवडच्या बाजारात, दाढी करायला, सगळीकडे मी त्याच्या काखेत तुरीच्या भरल्या कट्ट्यासारखा, पोत्यासारखा. एकदा एका लग्नात त्याने मला बरोबर डीजेच्या पेटीसमोर ठेवलं आणि स्वतः जेवायला गेला. तीन दिवस मला बायकोचं बोलणं ऐकू आलं नाही. तेवढे तीन दिवस बरे गेले.

पोहरादेवीच्या यात्रेत तर कहर झाला. गर्दी एवढी, की खाली ठेवलेला माणूस पुन्हा सापडायचा नाही. म्हणून भावाने मला खांद्यावर बसवलं. मी गर्दीच्या वर, अंगात पांढरा सदरा, सहा दिवसांची दाढी. एका म्हातारीने पुढे येऊन माझ्या पायाला हात लावला आणि मांडीवर नारळ ठेवला. तिचं पाहून दुसरीने ठेवला. देवळापर्यंत पोचलो तेव्हा माझ्याकडे चार नारळ होते, आणि एक बाप पोराचं लग्न कधी जमेल ते विचारत होता. "कार्तिकात," मी सांगून टाकलं. लोक हसतात या गोष्टीला, मीही हसतो. पण त्या म्हातारीचा हात पायाला लागला होता आणि मला तो लागलेला कळला नव्हता. नारळ मांडीवर आला तेव्हा कळलं. हे मी कोणाला सांगत नाही.

मग यंदा आमच्या गावातल्या बचतगटाच्या बाया कारंजाकडच्या त्या नव्या पार्कमध्ये जाऊन आल्या. सिमेंटचे डायनासोर, खोटा धबधबा, आणि मधोमध भला मोठा आकाशपाळणा. बायको आली, पाय धुतले, चहा ठेवला.

"बसली का पाळन्यात?" मी विचारलं.

"बसली नं. सगळ्या जोडीजोडीनं बसल्या, मी एकटी उरली. पाळना एका अंगाले कलंडते म्हून त्या मानसानं बाजूले वाळूचं पोतं ठेवलं."

"माह्या जागी पोतं?"

"थे निदान बोललं तरी नाई," ती म्हणाली आणि चहा गाळू लागली.

आता हे कोणत्या नवऱ्याने ऐकून घ्यावं? रानडुकरापुढे न हटलेला माणूस मी. त्याच क्षणी ठरवलं, त्या जागेवर मी बसणार. आणि कट्टा ठेवल्यासारखं मला कोणी ठेवणार नाही. पोत्याच्या जागी पोतंच जाणार असेल तर जायचं कशाला? स्वतः जायचं, स्वतः चढायचं, स्वतः उतरायचं.

रिसोडच्या एका बॅटरीवाल्या चाचांकडे मोटराइज्ड खुर्ची म्हणा, स्कूटर म्हणा, अशी एक वापरलेली गाडी आली होती. चार चाकं, पुढे हँडल, हँडलला टोपली, मागे खुर्ची. डाव्या अंगठ्याने मागे, उजव्याने पुढे. वेग असा, की म्हातारी शेळीसुद्धा मागे वळून वाट पाहील. ती घरी आणली. भावाने लगेच पूजा मांडली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, हँडलला लिंबू-मिरची आणि झेंडूचा हार बांधला, आणि मागे लाल रंगाने लिहिलं : आईचा आशीर्वाद.

"एक सांगतो," मी त्याला म्हटलं. "त्या दिवशी मले कोनी हात लावाचा नाई. ना टेम्पोत चढताना, ना गेटवर, ना पाळन्यात. तुया हात लागला का मी तिथूनच माघारी फिरीन."

त्याचं तोंड उतरलं. "मंग मी कायले येऊ?"

"टेम्पो चालवाले."

आमच्या घराच्या ओट्याला पाच पायऱ्या. गाडी वर चढत नाही, म्हणून ती गावकुसाच्या बाहेर, शेतातल्या गोठ्यात राहते. तिथली लाईट पंपाच्या लाईनीवरची. म्हणजे एक आठवडा दिवसा येणार, एक आठवडा रात्री. त्या लाईनीवर मी तीस वर्षं हरभऱ्याला पाणी दिलंय. कोणता पाळा दिवसाचा आणि कोणता रात्रीचा, हे मला झोपेतसुद्धा कळायचं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊ म्हणाला, "चार्जिंगले मी लावतो." मी म्हटलं, "हात लावाचा नाई म्हंजे वायरलेही नाई." मी स्वतः वायर लावली. रात्रीचा पाळा आहे, सकाळपर्यंत टम्म भरेल.

नियम गाडीत बसल्यापासून लागू, म्हणून सकाळी आठला भावानेच मला गोठ्यात नेऊन गाडीत बसवलं आणि मी बटण दाबलं. पाच दिव्यांपैकी दोन लागले. तेही आधीचेच. मी पटकन त्यावर खांद्यावरचा दुपट्टा टाकला.

"झाली का चार्ज?" भावाने विचारलं.

"फुटते का काय, एवढी भरली," मी म्हटलं.

दोन फळ्या लावून मी स्वतः गाडी टेम्पोत चढवली. पहिल्या खेपेला एक चाक फळीवरून घसरलं. भावाचे हात पुढे आले. मी त्याच्याकडे असं पाहिलं की हात मागे गेले. दुसऱ्या खेपेला चढली.

पार्कच्या गेटवर पहारेकरी आडवा झाला. त्याने हार पाहिला, लिंबू-मिरची पाहिली, मागे जाऊन आईचा आशीर्वाद वाचला. "गाडी पार्किंगमध्ये लावा. आत वाहन चालत नाही."

"हे वाहन नाई, बाप्पा. मी याच्यावर चालतो."

"मग पूजा कशी केली? नंबर कुठाय?"

"तू आपल्या बुटाची दसऱ्याले पूजा करत नाई का?"

"बुटाची कोण करतं?"

"थेच तं! म्हून तुले उभं राह्याले लावलं इथं दिवसभर," मी म्हटलं. मागे रांग वाढली होती, रांगेतले लोक हसायला लागले. बायकोने मात्र पुढे येऊन हार काढला, लिंबू-मिरची काढून पिशवीत टाकली, आणि पदराने आशीर्वादावर थोडं पुसलं. तो पुसला गेला नाही, पण पहारेकऱ्याचं समाधान झालं. त्याने साखळी उघडली.

आत शिरलो आणि मला पंख फुटले. सहा वर्षांत पहिल्यांदा मला जिकडे वळावंसं वाटलं तिकडे मी वळलो. डायनासोरला एक फेरी घातली. कारण काही नव्हतं. पुन्हा एक घातली. भाऊ मागून म्हणाला, "दादा, पाळना तिकडे हाय." मी म्हटलं, "मले दिसते." आणि तिसरी घातली. ती तिसरी नडली.

आकाशपाळण्याकडे जाणारा रस्ता चढाचा होता. खोट्या धबधब्यापाशी गाडी एकदा कण्हली. दुपट्टा वर केला, तर एकच दिवा, तोही लाल. आणि पुढच्या चार हातांवर तोही गेला.

भाऊ धावतच आला, दोन्ही हात पसरून. मला काखेत मारायची त्याची ती सवयीची चाल.

"थांब!"

"अरे दादा, इथून दिसते पाळना. दोन मिन्टात नेतो."

"हात लावू नोको."

"भावजी, थांबा जरा," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "खरं सांगा. भरली होती का बॅटरी?"

मग मी खरं सांगितलं. दोन दिवे, दुपट्टा, रात्रीचा पाळा, सगळं.  भाऊ कंबरेवर हात ठेवून हसायलाच लागला. "रात्रीचा? दादा, आपला पाळा सोमवारपासून दिवसाचा झाला. नऊ वाजता येते लाईट. मले इचारलं असतं तं!"

"तुले इचारलं असतं तं तूच लावली असती," मी म्हटलं. पण ते हसणं मला लागलं. तीस वर्षं पाणी देणाऱ्या माणसाला आपल्याच शेताची लाईट कधी येते हे माहीत नव्हतं. मी तिथे नव्हतोच सहा वर्षं. ऐकीव गोष्टीवर मी शेती करत होतो.

भाऊ ढकलतो म्हणाला. ढकलणं म्हणजे हात लावणं आहे की नाही, यावर मी मनातल्या मनात पंचायत बसवली आणि निकाल दिला, की आहे. मग खाली पाहिलं. चढाच्या पायथ्याशी एका बाईची उकडलेल्या मक्याची टपरी होती, आणि टपरीत पंखा फिरत होता. पंखा फिरतो म्हणजे प्लग आहे. गाडीला एक खटका असतो, तो सोडला की चाकं मोकळी होतात. मी खटका सोडला.

त्यापुढचं मी सांगतो तेव्हा लोकांना पटत नाही. मी उलटा, उतारावरून, हँडलने दिशा धरत, "बाजूले व्हा, बाजूले व्हा!" ओरडत आलो. एक जोडपं खोट्या धबधब्याच्या पाण्यात उतरलं. एका माणसाचं आईस्क्रीम माझ्या टोपलीत आलं. सिमेंटचा डायनासोरसुद्धा एक पाय उचलून बाजूला झाला, हे मी शपथेवर सांगेन, शपथ कोणाची ते मात्र मी ठरवेन. टपरीच्या बाकाला चाक टेकलं आणि थांबलो.

"बाई, थोडी लाईट मिळीन का?"

 पंख्याची पिन काढून ती म्हणाली, "लावा. पन मले गरमी झाली तं तुमच्यामुळे."

अडीच तास मी त्या प्लगपाशी बसलो. पाळणा सहाला बंद होतो, असं तिनेच सांगितलं. भावाला आणि बायकोला मी फिरायला पाठवलं. बायको गेली नाही, बाकावर बसून राहिली. पंखा काढल्याचं माझ्या मनाला लागत होतं, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला मी रानडुकराची गोष्ट सांगायला लागलो. गोष्ट ऐकायला थांबलेला माणूस रिकाम्या हाताने किती वेळ उभा राहील? मका घेणारच. चौथ्या वेळी सांगताना डुकरं दोन झाली होती. बायकोने तेवढ्यात हळूच विचारलं, "शेळी कुठं गेली यात?" पाच वाजले तेव्हा बाईच्या पातेल्यात मका उरला नव्हता आणि माझ्या गाडीत दोन दिवे आले होते.

पुन्हा चढ. या वेळी एकही फेरी नाही. सरळ.

आकाशपाळण्याच्या फलाटावर सामान नेण्याचा एक चढता रस्ता होता, तिथून गाडी वर गेली. पण पाळण्याची बैठक माझ्या खुर्चीपेक्षा वीतभर उंच. पाळणा फिरवणारा माणूस आणि त्याचा जोडीदार बाह्या सरसावून पुढे आले. "काका, उचलून बसवतो ना."

"हात लावाल तं गाडी अंगावर घालीन."

बैलगाडीत मागून कसं चढतात, ते विसरलेलं नव्हतं. पाठ करायची, दोन्ही तळवे फळीवर टेकायचे आणि खांद्याच्या जोराने अंग वर घ्यायचं. मी गाडी उलटी लावली, पाळण्याला पाठ केली, तळवे ठेवले आणि जोर दिला. पाळणा मागे सरकला. मी खुर्चीत. दुसऱ्यांदा तेच. न शिकवलेल्या गोऱ्ह्यासारखा पाळणा दर वेळी अंग काढून घेत होता. 

"धर," मी भावाला म्हटलं.

तो पुढे झाला, हात माझ्या काखेकडे.

"मले नाई. पाळना धर."

तो थांबला. मग वाकून त्याने पाळण्याची कड दोन्ही हातांनी धरली. मानेच्या शिरा फुगल्या. तो पाळणाच काय, त्या वेळी सगळं चाकच त्याने धरून ठेवलं असतं. मी तिसऱ्यांदा जोर दिला. खांद्यातून काहीतरी कडकन वाजलं आणि मी फळीवर होतो. मग दोन्ही पाय, एक एक करून, विहिरीतून बादली ओढावी तसे ओढून घेतले.

बायको बाजूला येऊन बसली. दांडी लागली. पाळणा हलला.

वर गेलो तसा वारा लागला. सोयाबीन निघालेली काळी वावरं, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे, मोठ्या रस्त्यावर मुंगीएवढे ट्रक. मी सांगतो की तिथून मला केनवड दिसलं, आणि आमची शेळी पाला खाताना दिसली. बायको हे ऐकलं की तोंड फिरवते. वर असताना ती एवढंच म्हणाली, "पाळना तुमच्या अंगाले कलंडला."

"मंग?"

"मंग काई नाई. कलंडू द्या."

खाली पाहिलं. भाऊ माझ्या गाडीत बसला होता. आधी इकडेतिकडे पाहिलं, मग उजवा अंगठा दाबला आणि हातभर पुढे गेला. डावा दाबला, मागे आला. एवढा पहाडासारखा माणूस, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

चौथ्या फेरीला पाळणा खाली थांबला. भाऊ गडबडीने उठला, गाडी लावली आणि पाळणा धरायला आला. उतरताना मात्र माझ्या हातांत जोर उरला नव्हता. तळवे टेकले, अंग उचललं, आणि डावा हात कोपरात दुमडला. मी खुर्चीच्या कडेवर आदळलो, अर्धा आत, अर्धा बाहेर.

भावाचे हात पाळण्यावरून सुटून माझ्याकडे आले. अगदी काखेपर्यंत आले. थांब म्हणायलाही माझ्यात दम नव्हता. हात तिथेच हवेत थांबले. मग त्याने ते मागे घेतले, पाठीशी एकमेकांत अडकवले आणि तसाच उभा राहिला, हेडमास्तरसमोर उभा राहावा तसा. कपाळावरून घाम ओघळला, तो पुसायलाही त्याने हात सोडले नाहीत.

मी उजव्या हाताने हँडलचा दांडा धरला. हात एकदा घसरला. पुन्हा धरला. अंग खुर्चीत ओढून घेतलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हटलं आणि गेटकडे जायला अंगठा दाबला.