बोटीवर गैरहजर

"आदी लिवा, मंग सही."

असं म्हणून मावशी पेनाला टोपण लावायची, पेन कोऱ्या पानावर आडवं ठेवायची आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची. आवाज चढवायची नाही. पण समोरच्या चौदा संचालकांना चहा कडू लागायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. कारण ते रजिस्टर तिच्यापुढे सरकवणारा हात माझा असायचा.

मी बीडला एका दूध संघात कारकून होतो. मावशी, नात्यानं नव्हे पण मी तसंच म्हणायचो, त्याच संघाची संचालिका, महिलांसाठी राखीव जागेवरची. गेल्या वर्षी ती वारली. परवा संघानं तिच्या श्रद्धांजलीचा ठराव केला, असं जुन्या सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं. मी विचारलं, "मजकूर कोणी लिहिला?" तो म्हणाला, "सह्या झाल्यात, मजकूर उद्या लिहू." मी फोन ठेवला. म्हणून हे लिहायला बसलो. वाचताना तुम्हाला हसू येईल अशा काही जागा आहेत. हसा. पण माझा राग कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

सहकारी संस्थेत ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना हा रिवाज माहीत असेल. सभेच्या प्रोसिडिंग बुकात आधी सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. पानं कोरी. सभेत चहा-चिवडा होतो, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, माणसं घरी जातात. मग दोन दिवसांनी चेअरमन कारकुनाला बोलावून सांगतात, सभेत काय ठरलं ते. कारकून सुवाच्य अक्षरात लिहितो. माझं अक्षर फार चांगलं होतं. वडील धान्याच्या मोंढ्यात पोती वाहायचे, आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर, आणि बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं घरी बसलेल्या मला चेअरमननी अक्षर बघून कामावर घेतलं होतं. ते उपकार मी विसरलो नव्हतो. हीच तर अडचण होती.

मावशी नेकनूरच्या पुढच्या एका गावची. निवडून आल्यावर पहिल्या सभेला रिवाजाप्रमाणे तिचा नवरा आला. दुसऱ्या सभेला नवऱ्याच्या मागोमाग ती एसटीतून उतरली, दारातून मोठ्यानं "जय भीम" म्हणाली आणि खुर्चीपाशी उभी राहिली. "सभासद मी, गाय माझी, धार मी काढते. मंग खुर्चीत ह्यो कावून?" नवरा बिचारा उठून खाली टपरीवर जाऊन बसला. तिच्या "जय भीम"ला मी उत्तर द्यायचो, पण हळू. चेअरमनचं लक्ष आहे का बघून. ती एकदा म्हणाली, "पदवीधर, घसा बसलाय का?"

तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. तिच्या गावाला टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आधी हंडे, मग गुरं, उरलं तर आंघोळ. तरीही आसपासच्या सात गावांतल्या बाया दूध घालत होत्या, कारण घरात रोज येणारा पैसा तेवढाच. त्या सात गावांचं दूध मावशीच्या गावच्या चिलिंग सेंटरवर थंड व्हायचं आणि मग बीडला यायचं. चिलिंग सेंटर बंद करायचं संघाच्या मनात होतं. बंद झालं तर उन्हात दूध नासणार, आणि बायांना खाजगी गाडीवाला देईल त्या भावाला ते द्यावं लागणार. मावशी निवडून आली होती ती एवढ्या एकाच गोष्टीसाठी. प्रत्येक सभेत तोच विषय काढायची. चेअरमन म्हणायचे, "चालू ठेवू की!" ती म्हणायची, "लिवा." ते म्हणायचे, "आधी सही तर करा." आणि पेनाला टोपण लागायचं.

अशा दोन सभा झाल्या. दोन्ही वेळेला ती सही न करता उठली.

मग अभ्यास दौरा निघाला. प्रशिक्षणासाठी ठेवलेल्या निधीतून, मुंबईहून बोटीनं कोचीला आणि परत. विषय 'किनारी शहरांतील दुग्धपदार्थांची विक्री'. महिन्याची सभाही बोटीवरच घ्यायची ठरली. मावशीनं आधी साफ नाही म्हटलं. सभा तिकडं आहे हे कळल्यावर मला म्हणाली, "सभा चंद्रावर घेतली तरी मी येनार. माझं नाव लिव."

बंदरावर पहिलाच तमाशा. तिनं घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, पोत्यानं म्हणावी इतकी. तपासणीला असलेला माणूस म्हणाला, बाहेरचं अन्न आत नेता येत नाही. तिनं वाद घातला नाही. तिथंच फरशीवर बसली, फडकं सोडलं, आणि हमाल, झाडूवाल्या बाया, तो तपासणीचा माणूस, सगळ्यांना वाढलं. संचालक मंडळी पाठ फिरवून उभी होती, ही बाई आमच्यातली नाही असं दाखवत. दशम्या संपल्या तेव्हा ती उठली. "चला. आता बगू तुमची बोट."

बोट म्हणजे पाण्यावर उभं केलेलं आठ-दहा मजली हॉटेल होतं. गळ्यात एक कार्ड अडकवतात, त्यावरच सगळा खर्च चढतो. मावशीनं पहिल्याच दिवशी मला घेऊन सगळे मजले पायी पाहिले. पोहण्याच्या टाकीपाशी बराच वेळ थांबली. तिथल्या पोराला विचारलं, हे पाणी कुठून आणता? त्यानं सांगितलं, समुद्राचं पाणी बोटीवरच गोड करता येतं, बाकी बंदरावर भरून घेतात. त्या दिवसापासून सभेपर्यंत ती चेअरमनशी एक शब्दही बोलली नाही.

कोचीला संचालकांसाठी थंड गाडी आली. ती एका दूधविक्रीच्या टपरीसमोर थांबली, मी बॅनर धरला, फोटो निघाला, आणि अभ्यास संपला. पुढं मंडळी मोठ्या हॉटेलात जेवायला गेली. गाडीत कारकुनाला जागा नव्हती. मावशी आपणहून खाली उतरली.

"भूक लागलीय का रे?"

"इथं महाग असेल, मावशी."

"बंदराच्या तोंडाशी जेवूच नये. चालत ऱ्हायचं. जिथवर पाट्या आपल्याला वाचता येत्यात तिथवर महाग. वाचता येईनात, की बसायचं."

तसंच केलं. दोन गल्ल्या सोडून हमालांची एक खाणावळ लागली. केळीच्या पानावर जाड लालसर भात, मासळीचं आंबट कालवण, कच्च्या केळ्याची भाजी. पेल्यात गुलाबी रंगाचं गरम पाणी. मी घाबरलो. तिनं पेला तोंडाला लावला. "कसला तरी पाला उकळलाय. पी. इथल्या बाया पोरांना विख देत न्हाईत." मग स्वयंपाकघरात शिरली. भाषा एकही समाईक नसताना वाढणारीशी खुणांनी बोलून दुधाचा भाव काढून आली. बाहेर येऊन म्हणाली, "बग, झाला अब्यास."

परतीच्या दिवशी समुद्र खवळला. दुपारच्या जेवणाच्या टेबलावरच चेअरमननी सभा उरकायला घेतली. मी रजिस्टर घेऊन बसलो होतो, पण मला बोट लागली होती. मावशीनं विषय काढला. चेअरमनच्या पुढ्यात चॉकलेटचा केक होता. त्यांनी टेबलावर थाप मारली. "मंजूर! चिलिंग सेंटर चालू ठेवायचं. झालं समाधान, बाई? करा सही."

"आदी लिवा."

"अहो, लिहिणाऱ्याची अवस्था बघा की! पोरगं पांढरं पडलंय."

"मंग त्याला बरं वाटल्यावर लिवू. घाई कशाची? बोट काय पळून जाती का?"

एका संचालकाला हसू आलं, पण चेअरमनचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. तेवढ्यात मी उठून धावलो. ओकत होतो तेव्हा पाठीवरून जो हात फिरत होता तो मावशीचा. तिनं मला खोलीवर नेलं, लिंबू-मीठ चाटवलं, ओला रुमाल कपाळावर ठेवला. "माजा बी लेक एसटीत असाच ओकतो. पड." ती माझ्याजवळ बसलेली असताना तिकडं टेबलावर राहिलेल्या रजिस्टरात चौदा सह्या झाल्या.

बीडला आल्यावर तिसऱ्या दिवशी चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. मजकूर सांगितला. दुष्काळामुळे दूध संकलन घटले असून सदर शीतकरण केंद्र बंद करण्यास सर्वानुमते मंजुरी. आणि शेवटी, सदर संचालिका सभेस गैरहजर.

मी म्हणालो, "साहेब, त्या होत्या की."

"सही दाखव."

एवढंच. मी लिहिलं. सुवाच्य. आधीच्या दोन सभांपुढेही तेच लिहायला लावलं. लागोपाठ तीन सभांना परवानगीशिवाय गैरहजर राहणाऱ्याचं पद जातं, असा नियम होता. तो मला माहीत होता. समुद्राच्या मधोमध, त्याच टेबलावर बसलेली बाई मी माझ्या हातानं पुसून टाकली, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवलोसुद्धा.

वार्षिक सभेत दौऱ्याचा अहवाल वाचला गेला, केंद्र बंद करण्याच्या ठरावासकट. मीच लिहिलेला. तो संपताच मावशी व्यासपीठावर चढली आणि तिनं माईक ओढून घेतला.

"बायांनो, उद्या तुमच्यावर बी बोटीची पाळी येईल, तवा ध्यानात ठेवा. खोलीत पान्याच्या बाटल्या मांडून ठेवत्यात. हात लावू नका. झाकण फिरवलं की पैसे चढले. जेवणाच्या हॉलात नळ हाय, तिथलं फुकट. चेअरमन सायबांना हे शेवटच्या दिशी कळलं."

मंडपात हशा.

"दारात फोटोवाला उभा असतो. त्याच्याकडं बगून हासू नका, हासलात की फोटो इकत घ्यावा लागतो. आपले चौदा सायब लई हासले. जेवण तिकिटातच असतं. पर वरच्या मजल्यावर एक हॉटेल हाय, तिथलं तिकिटात न्हाई. सायब तिथंच जेवले, खालचं फुकट व्हतं म्हणून गोड लागंना. गळ्यात कारड असतं. नोट हातातून जात न्हाई, म्हणून दुखत न्हाई. आन नोट बायांच्या दुधाची असली, तर अजिबातच दुखत न्हाई."

आता कोणी हसत नव्हतं. चेअरमननी डोळ्यानं खूण केली आणि माईक बंद पडला. ती तशीच बोलत राहिली, घशाच्या शिरा ताणून. "आपलं चिलिंग बोटीवर मंजूर झालं व्हतं! म्या ऐकलंय! माझ्यासमोर!" पुढच्या दोन रांगांना तेवढं ऐकू गेलं. मागून आरोळ्या आल्या, "मंजूर, मंजूर!" त्या अहवालाला होत्या.

महिन्याभरात तिला पद गेल्याची नोटीस मिळाली. खालची सही चेअरमनची, अक्षर माझं. तिनं सहकार खात्याकडे दाद मागितली. सुनावणीला ती बोटीचं ते कार्ड घेऊन आली. गळ्यातच घातलेलं. संघाचे वकील हसून म्हणाले, "बाई बोटीवर होत्या, हे आम्हाला मान्यच आहे. सभेत नव्हत्या. बोटीवर असणं निराळं, सभेत असणं निराळं."

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या लेकराला इचारा. ह्यो व्हता. ह्यो खोटं बोलनार न्हाई, शिकलेला हाय."

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "त्या सभेत बाई हजर होत्या का?"

टेबलाच्या पलीकडे चेअरमन बसले होते. मला बहिणीचं लग्न आठवलं, घराचं अर्धं बांधकाम आठवलं, त्यांनी कामावर घेतलं तो दिवस आठवला. ही कारणं मी तुम्हाला दया यावी म्हणून सांगत नाही. तीच कारणं सगळ्यांकडे असतात.

मी म्हणालो, "प्रोसिडिंगमध्ये त्यांची सही नाही, साहेब."

"म्हणजे नव्हत्या?"

"सही नाही, म्हणजे... गैरहजर."

खाली उतरलो तर ती जिन्याच्या पायथ्याशी उभी. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी व्हते का न्हवते?"

"होतात, मावशी."

"मोठ्यानं म्हण. घसा बसलाय का?"

"होतात! तुम्ही सभेत होतात!" मी खरंच ओरडलो. चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"आता हेच वर जाऊन म्हण. सायेब अजून बसल्यात. चल, मी येते संगं."

तिनं माझं मनगट धरलं. दूध काढणाऱ्या बाईची पकड होती ती. रस्त्यापलीकडे चेअरमनची जीप सुरू होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हात सोडवून घेतला. जोर लावावा लागला.

जीप वळली तेव्हा मी आतून मागे बघितलं. मावशी एकटीच जिना चढत होती, एक हात कठड्याला, पायरी पायरी थांबत, पुन्हा वर.